सोमाजीच्या ट्रकचं लॉक

"घे! आता तर मुळासकट उपटून आलं," असं म्हणत सोमाजी केबिनमधून धप्पकन खाली उतरला आणि त्याने बाजीरावच्या नाकासमोर मूठ उघडली. मुठीत ट्रकची चावी होती आणि चावीला चिकटून लॉकचा अख्खा पितळी गाभा बाहेर आला होता. मागे इंजिन मात्र धडधडतच होतं. जुन्या डिझेलच्या गाड्यांचं असंच असतं. एकदा सुरू झाल्या की चावी असो नसो, इंजिन बंद करायचा दट्ट्या ओढेपर्यंत त्या कुणाचं ऐकत नाहीत.

"दट्ट्या तरी वढा भाऊ. सगळ्या फाट्याला धूर पाजताय," बाजीराव म्हणाला.

केबिनमध्ये सोमाजीची बायको ठकूबाई बसली होती. तिनेच हात लांब करून दट्ट्या ओढला. गाडी दोन आचके देऊन गप्प झाली.

आळेफाट्याला नाशिक रस्त्याच्या कडेला बाजीरावचं पत्र्याचं शेड होतं. वर पाटी, 'राजरत्न ऑटो इलेक्ट्रिक'. राजरत्न हा त्याचा मुलगा, तो पुण्यात बँकेत चिकटला होता आणि वायरीला हात लावायची त्याच्यावर कधी वेळ आली नाही, याचं बाजीरावला कोण कौतुक! आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली जुन्या डायनामोंचा ढीग, आणि एका पत्र्याच्या डब्यात पंचवीस वर्षांत जमवलेली मोडकी लॉकं. बाजीरावचं तसं बरं चाललं होतं. डोळे शाबूत होते, एक वाजता बायकोच्या, जानकाबाईच्या हातची भाकरी येत होती, आणि ओतूरपासून मंचरपर्यंतचे ट्रकवाले 'दाखव बाजीरावला' म्हणत होते. यापेक्षा जास्त काही मागावं असं त्याला कधी वाटलंच नाही.

"ह्ये सगळं त्या भागूचं काम," सोमाजी तावातावाने सांगू लागला. "चावी सोडून पेचकस घालायचा आन् पिळायचा. न्हाईतर असं लॉक खिळखिळं हुईल? अकरा वर्सं घरच्यावानी वागवला. शेवटी आपला गुन दाखवलाच त्येनं."

ही हकिगत बाजीरावला ठाऊक होती. अख्ख्या फाट्याला ठाऊक होती. भागू हा शिनोलीचा गडी, सोमाजीच्या ट्रकवर अकरा वर्षं ड्रायव्हर. आठ दिवसांपूर्वी नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी तासभर सुरूच झाली नाही. लॉक नुसतं गरगर फिरत होतं. सोमाजी म्हणजे मिरचीचं भांडं! हमाल, व्यापारी, चहावाला, सगळ्यांच्या देखत तो भागूवर ओरडला, "कुलूपफोड्या हाईस तू, कुलूपफोड्या!" भागूने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चावी बॉनेटवर ठेवली आणि चालू लागला.

सोमाजी रागाच्या भरात बोलून मोकळा झाला, पण शब्द मार्केटात राहिला. ड्रायव्हरच्या धंद्यात कुलूपफोड्या म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. चोर म्हटल्यासारखंच ते. पुढच्या आठ दिवसांत भागू तीन मालकांकडे जाऊन आला आणि तिघांनीही 'आत्ता जागा न्हाई रं' म्हणून वाटेला लावला. त्यातल्या एकाची तर गाडी ड्रायव्हरवाचून दारात उभी होती.

दोन दिवसांमागे भागू बाजीरावच्या शेडात येऊन बसला होता. चहा मागवला तो तसाच निवून गेला. उठता उठता म्हणाला, "बाजीभाऊ, ते लॉक आज ना उद्या तुझ्याकडंच येनार. खोलशील तवा नीट बघ."

"बघतो की. मग सोमाजीभाऊला काय सांगू?"

"सांगायचं काय न्हाई. नुसतं बघ. एका मानसाला तरी ठावं असूं दे."

बाजीरावला त्याचं हे बोलणं नीटसं उमगलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की या माणसाची अब्रू आता त्या लॉकात अडकली आहे, आणि ते उघडणारे हात आपले आहेत. आज तेच लॉक समोर आलं होतं.

"मी कांद्याचा लिलाव बघून येतो," सोमाजी म्हणाला. "हिला ओझरला न्यायचंय, आज चतुर्थी हाय. तवर उरकून टाक. आन् आत पेचकसाच्या खुना दिसल्या का मला दाखव. चार मानसांत दाखवनार हाय मी."

तो गेला. ठकूबाई खाली उतरून बाकड्यावर टेकली. साठीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंड अखंड चालू. उपास होता, पण बोलण्याचा नव्हता.

बाजीरावने स्टीलच्या ताटलीत रॉकेल ओतलं, चष्मा चढवला आणि गाभ्यातली बारीक पिन ठोकून काढली. आतल्या पितळी पत्त्या एकेक करून तो ताटलीत सोडू लागला. नखाएवढ्या आठ पत्त्या आणि त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा. चावीचे दात या पत्त्यांना बरोबर उचलतात तेव्हाच लॉक फिरतं. पेचकस घातला असता तर पत्त्यांवर ओरखडे उठले असते, एखादी वाकली असती, एखादी तुटली असती. बाजीरावने भिंग लावून पाहिलं. एक ओरखडा नाही! आठही पत्त्या गुळगुळीत झिजलेल्या, कुणी वर्षानुवर्षं पॉलिश मारावं तशा.

'सुटला भागू,' असं मनात म्हणून त्याने समाधानाने मान वर केली, आणि मग त्याची नजर ताटलीकडे गेली. रॉकेल लाल झालं होतं. तळाशी लाल-पिवळा चिखल साचला होता. त्याने तो चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला. खोबरेल तेल, हळद आणि कुंकू. गाभ्याच्या कोपऱ्यातून तांदळाचा एक दाणासुद्धा निघाला.

"वहिनी, गाडीची पूजा कोन करतं तुमच्यात?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोन करनार? मीच!" ठकूबाईचा चेहरा खुलला. "दर आवसंला. यकवीस वर्सं झाली, गाडी घेतल्यापासनं एक आवस चुकली न्हाई. लेकीच्या बाळंतपणात बी न्हाई चुकली. चाकाला नारळ, काचंला हळदकुंकू. पन सगळ्यात आधी मान चावीच्या भोकाला. तिथनंच गाडीत जीव येतो न्हवं? नुसतं लावलं तर वाऱ्यानं उडतंय, म्हनून तेलात कालवते आन् बोटानं आतपातुर दाबते. कसं घट्ट बसतं बघा!"

"बसलंय खरं," बाजीराव म्हणाला.

बाजारच्या कुंकवात कसली कसली भुकटी असते. ती तेलात कालवून दर महिन्याला लॉकात भरायची आणि वर चावी फिरवत राहायची, म्हणजे आतून कानस चालवल्यासारखंच झालं. लॉक भागूने मोडलं नव्हतं. ते पूजेने झिजलं होतं.

आणि हे सांगायचं कुणी? बाजीरावने! दुसऱ्या कुणा मेकॅनिकने सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. बाजीरावची गोष्ट वेगळी होती. धंद्याच्या सुरुवातीला एकदा एका गाडीच्या हॉर्नच्या वायरीवर लिंबू-मिरची बांधलेली त्याने पाहिली होती. लिंबाचं पाणी गळून वायर सडली होती. तो भाबडेपणाने बोलून गेला, "लिंबू दुसरीकडं बांधा." गाडीवाला ताडकन म्हणाला होता, "तुमचा देव सुटला म्हनून आमचा सोडू का?" आणि पुढची दोन वर्षं त्या गावची एक गाडी शेडात आली नव्हती. तेव्हापासून बाजीरावने लिंबू दिसलं की मुकाट्याने वायरच दुसरीकडून फिरवायची आणि तोंड बंद ठेवायचं, अशी सवय लावून घेतली होती. त्या सवयीने त्याला आजवर सुखाने जेवू घातलं होतं.

'वयाने झिजलं म्हणून सांगू,' त्याने ठरवलं. 'खोटंही नाही, कुणाला लागणारही नाही. भागूही सुटतो आणि ही बाईही दुखवत नाही.' एवढं ठरल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

अर्ध्या तासात सोमाजी परतला. "दिसल्या खुना?"

"खुना कशाच्या न्हाईत भाऊ. पेचकस ह्यात कवाच गेलेला न्हाई. वयानं झिजलंय."

"वयानं?" सोमाजीने डोळे बारीक केले. "माझ्या मेव्हन्याची गाडी ह्याच सालातली हाय. लॉक आजून नवं कोरं. मला शिकवतो व्हय? भागू येऊन बसला व्हता ना तुझ्याकडं? फाट्यावर समद्यांनी बघितलाय. काय चारलं त्येनं तुला?"

बाजीरावच्या कानशिलाला चटका बसला. पंचवीस वर्षांत त्याच्या कामावर असा डाग कुणी टाकला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे भागू सुटायच्या ऐवजी अजून खोल रुतला होता. आता हा माणूस मार्केटात जाऊन सांगणार, की कुलूपफोड्याने वायरमनलाही फितवलं. भीती वाटत होतीच. पण गप्प बसायची त्याला आज पहिल्यांदा लाज वाटली.

त्याने ताटली उचलली आणि सोमाजीकडे नाही, ठकूबाईकडे नेली. "वहिनी, हे लॉकातनं निघालंय. तुमीच बघून सांगा काय हाय."

ठकूबाईने बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. मघापासून चालू असलेलं तोंड बंद झालं.

"हे माझ्या हातचं हाय," ती हळूच म्हणाली.

"त्यानंच पत्त्या झिजल्या वहिनी. भागूनं काय केलेलं न्हाई."

"म्हंजी?" सोमाजीचा आवाज चढला. "आमच्या देवानं लॉक मोडलं म्हन की सरळ! बाजीराव, तुमाला देव न्हाई म्हनून..."

"गप बसा वो!" ठकूबाई अशी कडाडली की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. "देवाला कशाला मधी वढताय? देव आला व्हता का कुंकू कोंबायला? मी कोंबलं. ह्या दोन बोटांनी. बाजीरावांनी मघाच वळखलं असंल, पन मला बोल लागू नये म्हनून बिचारा वयावर घालवत व्हता. आन् तुमी त्येला इचारताय, काय चारलं म्हनून! लाज न्हाई वाटत?"

सोमाजी उभा होता तो खाली बसला. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "आरं देवा. मी मार्केटात काय काय बोललो रं त्या पोराला."

बाजीराव आपल्या कामाला लागला. डब्यातल्या जुन्या लॉकांतून त्याने जाड जाड पत्त्या निवडल्या आणि सोमाजीच्याच चावीला लावून लावून एकेक कानसली. लॉकचं घरही आतून पसरलं होतं, म्हणून पितळेच्या पत्र्याची बारीक पट्टी कापून आत बसवली. नवी पिन ठोकली. दीड वाजता चावी घातली, फिरवली. टक्! ओढून पाहिली, हिसडून पाहिली. गाभा जागचा हलला नाही. त्या आवाजाने त्याचं मन नेहमीसारखंच निवलं. एवढ्या गदारोळातही निवलं, याचं त्यालाच हसू आलं.

"आता कुंकू कुठं लावू मी?" ठकूबाईने विचारलं.

"स्टेरिंगला लावा, काचंला लावा. त्येवढं भोक सोडून कुठंबी लावा."

ती हसली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चला शिनोलीला."

"आन् ओझर? चतुर्थी हाय."

"इघ्नहर काय गाव सोडून चाललाय? उद्या जाऊ."

सोमाजी घुटमळला. "बाजीराव, तू बी चल. वाटंत लॉक परत सुटलं तर?"

लॉक सुटणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. सोमाजीला एकट्याने जायचा धीर होत नव्हता, एवढंच. बाजीरावने जानकाबाईने पाठवलेली भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि केबिनमध्ये चढला.

मंचर गेलं, घोडेगाव गेलं. शिनोलीत पोचले तेव्हा भागू भावाच्या भातखाचरात बांध लिंपत होता. ट्रकचा आवाज त्याने लांबूनच ओळखला असावा, कारण गाडी थांबायच्या आत तो चिखलाने भरलेले पाय झटकत रस्त्यावर आला. बाजीरावला बघून मात्र त्याचा चेहरा उतरला.

सोमाजी खाली उतरला आणि गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. शेवटी ठकूबाईच पुढे झाली.

"भागू, ते लॉक माझ्या हातानं गेलं रं. माझ्या कुंकवानं."

भागूने बाजीरावकडे पाहिलं. रागाने नाही, पण 'तुला नुसतं बघ म्हणालो होतो ना' अशा नजरेने. मग खाली बघून तो म्हणाला, "ठावं हाय काकी."

"ठावं हाय? कवापासनं?"

"लई वर्सं झाली. तुमी आवसंला भरायच्या आन् दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या काट्यानं कोरून काढायचो. जमंल त्येवढं. आत बसलेलं निघत न्हाई."

"आरं मग बोलला का न्हाईस?" सोमाजी ओरडलाच. "मी एवढं तोंड सोडलं, चार मानसांत नाय नाय ते बोललो, तवा तरी सांगायचं!"

"काय सांगू मालक? त्या गर्दीत काकीचं नाव घिऊ?" भागू म्हणाला. "गाडी तर मीच चालवत व्हतो. ते कुंकू काकी कुनासाठी लावत व्हत्या?"

ठकूबाईने तोंडाला पदर लावला. बाजीरावला आता कळलं, हा माणूस शेडात येऊन 'नुसतं बघ' का म्हणाला होता. सुटका करून घ्यायला तो आलाच नव्हता. आपल्याला चोर म्हटलं गेलं तरी चालेल, पण निदान एका माणसाच्या मनात आपण चोर नसावं, इतकंच त्याला हवं होतं. बाजीरावला त्याचा अभिमान वाटला, आणि आपण मघाशी वयावर घालवत होतो याचं वाईटही वाटलं.

सोमाजीने चावी भागूच्या हातावर ठेवली. हातावर ठेवून त्याची मूठ मिटवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"पाय धुऊन येतो," भागू म्हणाला.

तो आला, ड्रायव्हरच्या जागेवर चढला. ठकूबाई मधे बसली, तिच्या शेजारी बाजीराव. सोमाजीसाठी सरकून जागा केली, पण तो येईना. बाजीरावने डोकं बाहेर काढून पाहिलं, तर सोमाजी मागच्या फाळक्यावर पाय देऊन हौद्यात चढत होता.

"मालक, हितं पुढं जागा हाय," भागूने हाक मारली.

"असूं दे. मी मागंच बरा हाय. तू चल. आन् नारायनगावला गेल्यावर बायपास घेऊ नको. मार्केटातनं घे गाडी."

"मार्केटात काय काम हाय?"

"माझं हाय."

पाचच्या सुमाराला गाडी नारायणगावच्या मार्केटात शिरली. टोमॅटोचा लिलाव ऐन रंगात होता. रिकामा ट्रक, स्टेअरिंगवर भागू, आणि हौद्यात एकटा सोमाजी, फळीला दोन्ही हातांनी धरून उभा, टोपी धुळीने माखलेली. राजुरीचा बागायतदार, पाच पिढ्यांची जमीन, आणि मोकळ्या ट्रकमध्ये पोत्यासारखा उभा! हमाल हातातले क्रेट तसेच धरून बघत राहिले. ज्या चहाच्या टपरीसमोर आठ दिवसांपूर्वी तमाशा झाला होता, तिथे गर्दीमुळे गाडी थांबलीच.

"सोमाजीभाऊ, आज मागं कसं काय?" एका व्यापाऱ्याने खालून विचारलं. "काय माल आनलाय?"

"आज माल मीच हाय," सोमाजी वरून ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "भागूनं काय सुदीक केलेलं न्हाई. लॉक माझ्याच घरात खराब झालं व्हतं, आन् मी त्येला कुलूपफोड्या म्हनलो. चूक माझी. गाडी भागूची हाय. तो नेईल तिथं जायचं, तो उतरवील तिथं उतरायचं."

मग कुणीतरी हसलं, एक हमाल "वा रे मालक!" म्हणाला, आणि चहावाला बिनबोलता दोन पेले घेऊन धावत आला. एक त्याने हौद्याकडे वर केला, दुसरा केबिनच्या खिडकीतून भागूला दिला.

भागूने चहा एका दमात पिऊन टाकला. त्याचे डोळे भरले होते, पण पेला परत देताना हात स्थिर होता. बाजीराव मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. गर्दी फुटली. भागूने गिअर टाकला आणि आरशात एकदा मागे पाहिलं. मार्केटपासून राजुरीपर्यंत रस्त्याची त्या वर्षी नुसती चाळण झालेली होती. एरवी भागू त्यावरून गाडी दणदणत न्यायचा. त्या दिवशी तो बैलगाडीच्या चालीने गेला, आणि एकही खड्डा त्याने चाकाखाली येऊ दिला नाही.